'आपल्या धर्मात हे बसतं का?' : भावासाठी विचारणाऱ्या एका बहिणीला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या भावाने घरी सांगितलं की तो समलिंगी आहे आणि वसईच्या एका कॅथलिक मुलावर त्याचं प्रेम आहे. आई माळकरी, ती म्हणते हे पाप आहे. काकांचं म्हणणं, हे पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्यात असलं काही नव्हतंच. चुलतभाऊ मोबाइलवर खजुराहोचे फोटो दाखवतो आणि म्हणतो, आपल्या धर्माला तर हे कायमच मान्य होतं. तिकडे त्या मुलाच्या घरचे त्यांच्या फादरना भेटून आलेत. कोणता धर्म नक्की काय म्हणतो हे कुणीतरी सरळ सांगावं, म्हणजे आईपुढे ठेवता येईल, एवढी तुमची अपेक्षा आहे.

मी पुण्यात कुटुंब-समुपदेशन करते. धर्मशास्त्राची पंडित नाही, पण हा प्रश्न घेऊन इतके आईवडील येतात की मूळ ग्रंथ काढून वाचायची सवयच लागली. त्यातून एक कळलं. 'धर्म काय म्हणतो' या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकलेले असतात. ग्रंथात काय लिहिलंय, हा पहिला. आज त्या धर्माच्या वतीने बोलणारी माणसं काय म्हणतात, हा दुसरा. आणि समोर बसलेल्या आईला किंवा वडिलांना नेमकी कशाची भीती वाटते, हा तिसरा. घरात भांडण होतं ते बहुतेक पहिल्यावर. गाडं अडलेलं असतं तिसऱ्यावर.

तुमच्या घरातल्या काही गोष्टी मला माहीत नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. भाऊ स्वतःच्या पायावर उभा आहे की घरच्यांवर अवलंबून? आईची श्रद्धा तिची स्वतःची आहे की ती काकांचं बोलणं पुढे सरकवते आहे? 'लग्न लावून दिलं की सुधारेल' अशी भाषा सुरू झाली आहे का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर ग्रंथ बाजूला ठेवा आणि आधी ते थांबवा, कारण त्यात एका परक्या मुलीचंही आयुष्य जातं.

आता काकांकडे वळू. 'आपल्यात हे नव्हतंच' हे टिकत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पुरुषाने पुरुषाशी केलेल्या संगाला पहिल्या पायरीचा दंड सांगितला आहे, म्हणजे ४८ ते ९६ पण (तेव्हाची नाणी). जे नव्हतंच त्याला दंड कोण कशाला लावेल? कामसूत्रात तर एकमेकांवर विश्वास असलेले काही नागरक (शहरी शौकीन) मित्र आपापसात मुखमैथुन करतात, असं सरळ नोंदवून ठेवलंय, कपाळाला आठी न घालता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पुरुषांच्या वेगवेगळ्या कामप्रवृत्तींचे प्रकार आणि त्यांची कारणं दिली आहेत. ती कारणं आजच्या विज्ञानात टिकणार नाहीत. पण वैद्याला त्यांची नोंद घ्यावीशी वाटली, म्हणजे माणसं होती.

चुलतभावाचं म्हणणंही अर्धंच खरं आहे. खजुराहोच्या भिंतीवर काय कोरलंय यावरून धर्माची संमती सिद्ध होत नाही. त्याच भिंतींवर लढाया आहेत, शिकारी आहेत. आणि मनुस्मृतीत हे निषिद्धच आहे, ते लपवून उपयोग नाही. फक्त किती निषिद्ध, ते नीट वाचायला हवं. एक वडील माझ्याकडे मनुस्मृतीच्या पानाची झेरॉक्स घेऊन आले होते, एकच ओळ पिवळ्या पेनाने रंगवलेली. मी त्यांना आजूबाजूच्या ओळीही मोठ्याने वाचायला सांगितल्या. अकराव्या अध्यायात पुरुषाशी मैथुन हे जातिभ्रंश करणारं कर्म म्हटलंय. त्याच श्लोकात ब्राह्मणाला इजा करणं, मद्याचा वास घेणं आणि कपटाने वागणं हेही आहे. पुढे त्याच अध्यायात द्विजाने पुरुषाशी असो वा स्त्रीशी, बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसाढवळ्या संग केला तर अंगावरच्या कपड्यांसकट स्नान करावं, असं प्रायश्चित्त आहे. ते गृहस्थ थांबले आणि म्हणाले, 'एवढंच?' मग हळूच म्हणाले, 'कपटाचं पण लिहिलंय होय.' त्यांचा धंदा जमीनखरेदीचा होता.

पण 'एवढंच' म्हणूनही मोकळं होता येत नाही. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात कुमारिकेशी असं वागणाऱ्या बाईचं मुंडण करावं, दोन बोटं तोडावीत किंवा गाढवावरून धिंड काढावी, असं आहे. तिथला मुद्दा मुलीच्या कौमार्याचा आहे, पण क्रौर्य ते क्रौर्यच. आणि हा ग्रंथ कुणाला किती बांधतो हाही प्रश्न आहेच. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो जाळला गेला, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्याचा शब्द तेव्हापासून चालत नाही. तुमच्या आईने तरी मनुस्मृती कधी उघडली असेल का? तिचा धर्म ज्ञानेश्वरीचा पाठ, हरिपाठ, एकादशी आणि वारी यांत आहे. तिथे शोधायला गेलात तर या विषयावर संत बोललेलेच नाहीत, असं दिसेल. लैंगिक नीतीबद्दल तुकोबा बोलतात ते 'पराविया नारी रखुमाईसमान' असं. म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरू नका. 'भेदाभेद भ्रम अमंगळ' हा चरण आजकाल या संदर्भात पुष्कळ वापरतात. भावना चांगली आहे, पण तुकोबांच्या डोळ्यांसमोर समलिंगी माणूस होता असा दावा मी आईपुढे करणार नाही. माळकरी बाईला अभंग आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात, ती लगेच पकडते.

अशाच एका आईंनी माझ्यासमोर गळ्यातली तुळशीची माळ दोन बोटांत धरून विचारलं होतं, 'मॅडम, आता ही उतरवावी लागेल का?' घरात नवरा आणि मुलगा श्लोकांवरून भांडत होते आणि या बाईंचा प्रश्न कुणाच्या लक्षातच आला नव्हता. पोटच्या पोराच्या पापाने आपला नेम मोडला, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या दिंडीतल्या एका वयस्कर महाराजांना त्यांनी स्वतःच विचारलं. महाराज म्हणाले, 'माळ तुमच्या गळ्यात आहे, पोराच्या नाही. एकादशी चुकली का? वारी चुकली का? मग काढता कशाला?' महाराजांनी समलिंगी संबंधांना मान्यता दिली, असं अजिबात नाही. तो विषय त्यांनी काढलाही नाही. पण त्या रात्री बाई झोपल्या. भीतीचा तिसरा प्रश्न म्हणते तो हा.

आता आजची बोलणारी माणसं. हिंदूंना पोप नाही, त्यामुळे कुणाचंही मत हे 'धर्माचं मत' म्हणून फिरतं. रामदेव बाबा याला आजार म्हणाले, श्री श्री रविशंकर यांनी गुन्हा ठरवण्याला विरोध केला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाकडे पाहिलंत तर २०१६ मध्ये दत्तात्रेय होसबाळे म्हणाले की हा गुन्हा नाही, पण ही गोष्ट अनैतिक आहे आणि अशा लग्नांना मनाई हवी. जानेवारी २०२३ मध्ये मोहन भागवतांनी एका मुलाखतीत जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांच्यात असे संबंध होते, असं सुचवत सांगितलं की अशी माणसं पूर्वीपासून होती, त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे. काकांना शास्त्रापेक्षा हा दाखला लवकर पटेल, असा माझा अंदाज. आणि पाश्चात्त्य खुळाचंच म्हणाल, तर आपल्याकडे याला तुरुंगाची, जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आली ती १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ ने, इंग्रजांच्या. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. नापसंती आधीही होती, वर दिलीच आहे, पण तुरुंग बोटीतून आला.

वसईकडे. कॅथलिक चर्चची गोष्ट हिंदूंच्या उलट: तिथे अधिकृत मत आहे, छापील आहे आणि क्रमांकांसह आहे. धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, म्हणजे कॅटेकिझममध्ये, २३५७ ते २३५९ हे परिच्छेद काढा. समलिंगी कृती कोणत्याही परिस्थितीत मान्य होऊ शकत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तिथेच पुढे असंही आहे की अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावं, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नये. म्हणजे ओढ असणं हे पाप नाही, कृती पाप, आणि अशा माणसाने ब्रह्मचर्य पाळावं, ही चर्चची भूमिका. ती बदललेली नाही. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी विमानात पत्रकारांना 'निवाडा करणारा मी कोण?' असं म्हटलं तेव्हा जगभर बातमी झाली. सूर बदलला, नियम तोच राहिला.

१८ डिसेंबर २०२३ ला मात्र व्हॅटिकनने एक पाऊल टाकलं: धर्मगुरू समलिंगी जोडप्याला आशीर्वाद देऊ शकतात. अटी अशा, की तो विवाहविधीसारखा दिसता कामा नये, त्यासाठी ठरीव विधी नको, लग्नाचे कपडे नकोत. आफ्रिकेतल्या बिशपांनी पुढच्याच महिन्यात सांगितलं की आमच्याकडे हे होणार नाही. तेव्हा ते फादर काय म्हणाले हे त्या घरालाच विचारा. एक फादर 'मुलाला घेऊन या, बोलू' म्हणतात, दुसरे कबुलीजबाबाची आठवण करून देतात, आणि दोघांकडेही पुस्तकाचा आधार असतो. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशस यांनी २०१३ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने सैल केलेलं ३७७ सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केलं तेव्हा, जाहीरपणे सांगितलं होतं की चर्चचा अशा विवाहाला विरोध आहे, पण समलिंगी माणसांना आम्ही कधी गुन्हेगार मानलेलं नाही. त्या मुलाच्या आईला हे माहीत नसेल तर जरूर सांगा.

कॅथलिक घरांत सदोमची गोष्ट हमखास निघते, ज्या नगरावर देवाने आग पाडली. तीही पुढची पानं वाचल्याशिवाय सांगू नये. बायबलमधल्याच यहेज्केल या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सदोमचा अपराध सांगितला आहे तो असा: गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख, आणि एवढं असून गरिबाला हात दिला नाही. अर्थात लेवीय पुस्तकात पुरुषसंगाला देहदंड आहे आणि संत पौलाच्या पत्रांतही निषेध आहे. ते वगळून बायबल 'मोकळं' आहे असं म्हणणं खोटं ठरेल. याच बायबलवर प्रोटेस्टंट पंथ दुभंगले. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने २००३ मध्ये उघडपणे गे असलेल्या बिशपला दीक्षा दिली, आणि त्याच अँग्लिकन कुटुंबातल्या आफ्रिकी चर्चांनी संबंध तोडायला घेतले. ज्यूंचंही तसंच: ऑर्थोडॉक्स नाही म्हणतात, रिफॉर्म लग्नं लावतात.

तुमच्या घराशी थेट संबंध नसला तरी तुम्ही सगळ्या धर्मांबद्दल विचारलंय, म्हणून इस्लामबद्दल सांगते, कारण या धर्माबद्दल दोन्ही बाजूंनी सर्वात जास्त फेकाफेकी होते. कुराणात लूत पैगंबरांच्या लोकांची कथा अनेक सूरांत (अध्यायांत) येते आणि परंपरेने तिचा अर्थ पुरुषसंगाचा निषेध असाच लावला. कृती हराम, यावर चारही सुन्नी पंथांचं एकमत आहे. शिक्षेवर नाही. इमाम अबू हनीफा यांनी याला ठरावीक 'हद्द' शिक्षा नाही, न्यायाधीशाने ठरवावं असं मत दिलं, आणि भारतातले बहुसंख्य मुसलमान त्यांच्याच पंथाचे आहेत. इतरांनी व्यभिचाराइतकी कठोर शिक्षा सांगितली. आज इराणमध्ये कायद्याने मृत्युदंड आहे, आणि तुर्कस्तानात १८५८ च्या उस्मानी दंडसंहितेपासून हा गुन्हाच नाही. कुराण दोन्हीकडे एकच. लाहोरला शाह हुसेन हे सूफी आणि त्यांचा लाडका माधोलाल हा ब्राह्मण तरुण यांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत आणि तिथे दरवर्षी चिरागांचा मेळा भरतो. आणि दक्षिण आफ्रिकेत उघडपणे गे असलेले इमाम मुहसिन हेंड्रिक्स यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये गोळ्या घालून मारलं. माझ्याकडे येणारी मुसलमान मुलं ग्रंथावर वाद घालत नाहीत. ती विचारतात, 'मनात येणं हाच गुनाह आहे का?' अनेक आलिम (धर्मपंडित) याचं उत्तर 'नाही, कृती गुनाह' असं देतात. चर्चच्या उत्तराच्या हे किती जवळ आहे बघा.

बौद्धांमध्ये उपासकासाठी पंचशील आहे, त्यात कामवासनेच्या गैरवर्तनापासून दूर राहायचं आहे, समलिंगी संबंधांचं नाव नाही. भिक्खूंना मैथुन वर्ज्यच, मग ते बाईशी असो की पुरुषाशी. दलाई लामांनी १९९७ मध्ये परंपरेप्रमाणे ते गैरवर्तनात मोडतं असं सांगितलं, पुढे २०१४ मध्ये धर्माचं बंधन नसलेल्यांनी परस्परसंमतीने केलं तर हरकत नाही म्हणाले. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत मी या सगळ्यापेक्षा एक वेगळी गोष्ट सांगते. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं होती आणि समलिंगी संबंधांचा विषयही होता. १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले. पण बाबासाहेबांनी तो घेतला, हे कळल्यावर एक वडील बराच वेळ काही बोललेच नव्हते.

बाकीच्यांचं भराभर. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात थेट उल्लेख नाही, तरी कॅनडात समलिंगी विवाहाचा कायदा येत होता तेव्हा, २००५ मध्ये, अकाल तख्त या शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाच्या जथेदारांनी (प्रमुखांनी) विरोधाचा आदेश दिला. जैन विचारात देहाचं लिंग आणि मनातली कामवासना या वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत, हे मला फार सूक्ष्म वाटतं. पण व्रत शेवटी संयमाचंच. पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथातला निषेध फार कडक आहे.

एक गंमत सांगायची राहिली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ३७७ सैल केल्यावर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत एक ज्योतिषी होते, ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं आणि ख्रिस्ती संघटनाही होत्या. एरवी यांना एका सतरंजीवर बसवून दाखवा.

आता तुम्ही काय करायचं. आईपुढे यातलं सगळं ठेवू नका. श्लोकाला श्लोक लावला की ती हरते किंवा तुम्ही हरता, आणि दोन्हींत भावाचं नुकसान. तिला आधी एवढंच विचारा: 'आई, तुला नक्की कशाची भीती वाटते?' उत्तर 'पाप' असं आलं तर पुढे विचारा, कुणाचं पाप, कुणाला लागणार? पुष्कळदा खालून निघतं ते वेगळंच. कुळाचार पुढे कोण चालवणार, आपल्याला पाणी कोण देणार, भावकीत तोंड कसं दाखवायचं, म्हातारपणी याला कोण बघणार. शेवटचा प्रश्न तर धर्माचा नाहीच, आणि त्याचं उत्तर कदाचित वसईत आहे. तिथे मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत होते, घरात मराठी बोलतात. दोन्ही आयांना कधी बोलावंसं वाटलंच तर भाषा आडवी येणार नाही. पण ती घाई तुम्ही करू नका.

कुणी 'बरा करतो' म्हणणारा डॉक्टर, बाबा किंवा प्रार्थनागट सुचवला तर सरळ नाही म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये हे आजारांच्या यादीतून काढलं, आणि २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशा 'उपचारां'ना डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. लग्नाबद्दल आई विचारेलच, तर खरं सांगा: १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानुसार आपल्याकडे या दोघांचं लग्न कायद्याने होऊ शकत नाही, कुठल्याही धर्माच्या पद्धतीने केलं तरी. तिला ते ऐकून बरं वाटेल की वाईट, यावरूनही ती कुठे उभी आहे ते तुम्हाला कळेल.

आईची श्रद्धा खरी असेल तर तिच्या विश्वासातल्या एखाद्या वयस्कर कीर्तनकाराशी तिला बोलू द्या, माझ्यासारख्या बाईपेक्षा त्यांच्या एका वाक्याचं वजन जास्त. पण त्याआधी दोन गोष्टी. ते महाराज बाहेर बोलणारे आहेत का याची चौकशी करा. आणि भावाला विचारा. गाव तुमच्या पत्रावरून लहान दिसतंय, आणि कुणाला सांगायचं, कधी सांगायचं हे त्यानेच ठरवायचं आहे. तो 'नको' म्हणाला तर आईची तळमळ कितीही असली तरी थांबा, आणि तिला घेऊन दुसऱ्या शहरातल्या समुपदेशकाकडे जा.